पूजेतली बंदूक

"नळीच्या तोंडासमोर बसू नकोस. बाजूला बस, गुडघा आत घे. आधी हळद, मग कुंकू. आणि एकदा वाहिलंस की उत्तरपूजा होईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, अगदी दारात वाघ आला तरी."

सासूबाईंनी हे मला पहिल्या खंडेनवमीला सांगितलं तेव्हा मी नऊवारी नुकती सावरायला शिकले होते. देवघरात घटाशेजारी पाट मांडलेला, पाटावर विळी, अडकित्ता, सासऱ्यांची दौत-लेखणी, आणि या सगळ्यांच्या पलीकडे, पाटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली ती लांब, काळी, थंड वस्तू. मी विचारलं होतं, रिकामीच आहे ना? तर त्या म्हणाल्या, रिकामी असो की भरलेली असो, बंदुकीला सून कोण आणि सावज कोण ते कळत नाही. नंतर स्वतःच हसल्या. त्यांचं हसू ऐकू येत नसे, खांदे हलत तेवढंच. आज सकाळी निरांजनासाठी फुलवाती वळत बसले होते आणि त्यांचा तो आवाज पुन्हा कानाशी आला, कारण बाहेर ओट्यावर हे अनंतरावांना पुन्हा एकदा सांगत होते, "अहो, आमच्या हिनं हळदकुंकू वाहिलेली बंदूक, ती उचलणार कोण? फौजदारालाही ते पटलं. सोवळ्यातली बाई आहे, म्हणाला." हातातला कापूस सुटला. वात वळता वळता मधेच सुटली की पुन्हा तिला पीळ बसत नाही, नवाच कापूस घ्यावा लागतो. मी नवा घेतला, तोही सुटला. इतक्या वर्षांत यांनी चार माणसांत माझ्या पूजेचं नाव काढलं ते एकाच कारणासाठी, चहाला उशीर झाला म्हणून. आता माझी पूजा यांच्या तोंडी आली ती साक्षीदार होऊन. माझ्या बोटांची हळद, माझे नऊ दिवसांचे उपास, पोथी वाचल्याशिवाय तोंडात पाणी न घेण्याचा माझा नेम, हे सगळं यांनी उचलून फौजदारापुढे ठेवलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही. आज वडगावच्या कचेरीत सोपानला उभं करणार आहेत. सख्ख्या भावाला विनापरवाना बंदुकीनं मारलं म्हणून. तो सोपान, ज्यानं आयुष्यात बंदूक पाहिली असेल तर आमच्याच भिंतीवर.

ओट्यावरचं बोलणं देवघरात स्पष्ट ऐकू येतं. सासऱ्यांनी घर बांधतानाच खिडकी तशी ठेवली होती, म्हणजे पूजा करतानाही कोण पक्षकार आलाय ते कळावं. त्यामुळे हत्यारांचा कायदा मला पाठ आहे. बायकांना जशी एखादी आरती अर्थ न कळता पाठ होते तसा. अठराशे अठ्ठ्याहत्तर साली तो झाला, गोऱ्यानं सगळ्या देशाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, असं अनंतराव सुरू करत. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, वेताच्या खुर्चीत रुतून बसत आणि बोलताना काठीनं फरशीवर ठोके देत. "एक कायदा, माधवराव, एकच कायदा! आणि अख्खा मर्दांचा देश नेऊन बायकांच्या पंगतीत बसवला." मग हे म्हणत, परवान्यासाठी मला अब्रूचा दाखला द्यावा लागतो, माझ्याच देशात, आणि रेल्वेतला कुठलाही टोपीवाला खांद्यावर बंदूक टाकून ड्यूक्स नोजच्या सुळक्यापर्यंत फिरून येतो. मग चहा. मग, आता आपलं मंत्रिमंडळ आलंय, आता बदलेल. मग यांनी आत येऊन भिंतीवरची बंदूक काढून न्यायची, अनंतरावांच्या मांडीवर ठेवायची, आणि दोघांनी तिच्यावरून हात फिरवत बसायचं. मी आतून बघायची. बायकांच्या पंगतीत बसवला म्हणजे काय वाईट झालं, असं मला एकदा विचारावंसं वाटलं होतं. आमच्या पंगतीत कोणी उपाशी उठत नाही.

रखमाजी आला तो भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. वलवणचा. त्याची सरुबाई आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची म्हणून तो ओळखीचा. धरण झालं तेव्हा त्यांची खालची जमीन पाण्यात गेली, राहिली ती वरची, रानाला लागून. त्या रानातून डुकरं उतरतात. तो पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाला, "सायब, रातभर पत्र्याचा डबा बडवून बडवून हात सुजला. डुकरं आता डब्याला वळखाया लागली. म्हनत्यात, रखमाजीच हाय, खावा निवांत." मी आतल्या आत हसले. बाहेर हेही हसले. रखमाजीनं मग हळूच विषय काढला. मामलेदारसाहेबांकडे यांनी शब्द टाकला तर पिकाच्या राखणीपुरता परवाना मिळतो असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. ठासणीची जुनी बंदूक कामशेतला विकाऊ होती. भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या आत मिळाली असती तर बरं.

त्याच खुर्च्या, तेच दोघं, चहाचे तेच पेले. अनंतरावांनी काठी जमिनीला टेकवली. म्हणाले, "अरे, परवाना म्हणजे काय चिक्कीचा पुडा आहे? हत्यार जबाबदार माणसाच्या हातात लागतं. आज डुकरासाठी घेशील, उद्या बांधावरून चुलत्याला मारशील."

"चुलत्याला माराया बंदूक कशाला हो, आबा?" रखमाजी म्हणाला. "त्याला कुऱ्हाड हाय की!"

दोघं इतके हसले की अनंतरावांना ठसका लागला. रखमाजीही हसला. त्याला वाटलं असेल, हसले म्हणजे काम झालं. मग हे वकिली आवाजात म्हणाले, "मिळाली तरी हंगाम संपला की ठाण्यात जमा करावी लागते. कोणाला वापरायला देता येत नाही. दिलीस तर तू आत, घेणारा आत. झेपेल का तुला?" रखमाजी म्हणाला, "सायब, एक इचारू? डुकराला कुटं परवाना लागतोय? त्यो बिगर-परवान्याचा येतोय, खातोय आन् जातोय." हे म्हणाले बघू, सांगतो. ते सांगणं राहिलं. मी मागच्या दारी त्याला ताक दिलं तेव्हा म्हणाला, "वैनीबाई, सायब बोलत्यात लय झ्याक." त्यात टोमणा होता की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळण्याचा उपाय नाही.

खंडेनवमीला मुंबईहून वामनराव आले, यांचे मामेभाऊ, स्वतःची मोटार घेऊन. सकाळी मी पाट मांडला. बंदुकीला ओल्या फडक्यानं पुसलं, कोरड्यानं पुसलं, बाजूला बसून आधी हळद, मग कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. नवरात्रातला नववा दिवस असा असतो की अंगात हलकेपणा येतो, उपासाचा, आणि प्रत्येक वास वेगळा कळतो, कापराचा वेगळा, घटातल्या ओल्या मातीचा वेगळा. दुपारी मी तिथेच पोथी घेऊन बसले होते. दाराशी सावली आली. हे होते, मागे वामनराव. "जरा उचलतो गं," हे म्हणाले. मी म्हटलं, "उत्तरपूजा व्हायचीय." माझा आवाज मुळातच लहान, त्यात पोथी वाचून बसलेला. हे म्हणाले, "देवी काय रागावणार आहे? तिच्या अठरा हातांत हत्यारंच आहेत." वामनराव म्हणाले, "वहिनी, तिचा परवाना कोणाच्या नावावर आहे हो?" दोघं हसले. यांनी बंदूक उचलली तेव्हा झेंडूचं फूल घरंगळत घटाच्या पायाशी गेलं. पाटावर बंदुकीच्या आकाराची जागा राहिली, अक्षता बाजूला आणि मध्ये रिकामं. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत पुढचा अध्याय वाचला. शब्द डोळ्यांखालून गेले. मोटारीचा आवाज वलवणच्या बाजूला गेला.

दिवेलागणीला परत आले. मी परसात तुळशीपाशी होते. न्हाणीच्या भिंतीपलीकडे वामनराव हात धूत होते, पाण्यावर पाणी ओतत होते, आणि एकच वाक्य अर्धवट म्हणत होते, "हललं हो तिथे... मला वाटलं... हललं ना?" हे म्हणाले, "हळू." मग पुन्हा पाणी. मी देवघरात गेले तर बंदूक पाटावर होती. फूल होतं. हळदकुंकू होतं, पण कुंकू खाली आणि हळद वर, आणि ते मधल्या बोटानं न वाहता चिमटीनं टाकलेलं, पुरुष मीठ टाकतात तसं. मी उभी राहिले. कापूर अजून लावला नव्हता, तरी कसला तरी जळका, कडू वास होता, दिवाळीनंतरच्या सकाळी अंगणात असतो तसा. डुक्कर मारलं असेल, मी स्वतःला म्हटलं. देवीच्या दिवसांत मारलं, प्रायश्चित्त घेईन. हे आले, वामनराव आले, डोक्याला रुमाल बांधून हात जोडून उभे राहिले, आणि मी आरती म्हटली. तबक घटावरून फिरवलं, तसंच बंदुकीवरून फिरवलं. सगळ्यांनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले. सरुबाईनं मला नंतर सांगितलं, "सांजेपातूर जीव व्हता त्यांच्यात, वैनीबाई. पानी मागत व्हते." ते ऐकल्यापासून मला आरतीची पहिली ओळ म्हणता येत नाही. दुसरीपासून सुरू करते. घरात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

दसऱ्याला सकाळीच वामनराव गेले, अचानक काम निघालं म्हणून. संध्याकाळी अनंतराव सोनं द्यायला आले. आपट्याची पानं यांच्या हातात ठेवता ठेवता म्हणाले, "वलवणला काल एकजण गेला म्हणे. आपला तो रखमाजी. शेतात गोळी लागून." हे म्हणाले, "अरेरे." इतकंच, पण ते अरेरे मी ऐकलं. कोर्टात विरुद्ध बाजूचा वकील काही बोलला की हे असंच म्हणत असणार. माझ्या हातात पानांचं ताट होतं. पानं पडली नाहीत. मला माझ्या हातांचं नवल वाटलं. सावकाश ताट खाली ठेवलं, स्वयंपाकघरात गेले, पुरण वाटायचं होतं ते वाटलं. वरवंटा पुढे नेताना एक आणि मागे आणताना एक अशी दोन वाक्यं येत होती, हललं ना, मला वाटलं, हललं ना, मला वाटलं.

चातुर्मासात मी मौनानं जेवते. पान वाढून घेतलं, चित्राहुती झाली की हात धुवेपर्यंत शब्द नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रात्री, नऊ दिवसांचा उपास सोडायला मी पानावर बसले आणि पहिला घास तोंडात घातला तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. यांनी जन्मात कधी माझ्या जेवणाच्या वेळी तिथे पाय ठेवला नव्हता. "फौजदार उद्या येतील," हे म्हणाले. "बंदूक पूजेत होती. सकाळपासून उत्तरपूजेपर्यंत. तेच खरं आहे, पाटावरच तर होती, मधला तासाभराचा प्रश्न आहे. वामनची नोकरी जाईल, माझा परवाना जाईल, सनद जाईल. आणि गेलेला माणूस काही परत येणार नाही. अपघात तो अपघात. तू फक्त पूजेत होती एवढं म्हण. खोटं नाहीच ते." घास तोंडात होता. यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मान डोलावली, जणू मी काहीतरी बोलले होते आणि ते यांना पटलं होतं. गेले. मी तो घास गिळला. आजवर मला वाटायचं की मौन म्हणजे देवापुढे ठेवलेलं काहीतरी. कोणीही येऊन त्यात आपलं म्हणणं भरून ठेवू शकतो हे माहीत नव्हतं.

फौजदार आला तो अदबीनं आला. बूट पायरीखाली काढले. अनंतराव होतेच. मला आतल्या दाराशी उभं केलं. फौजदार म्हणाला, "वहिनीसाहेब, तसदी देतो. खंडेनवमीला बंदूक पूजेत होती ना?" मी म्हटलं, "सकाळी मीच मांडली." त्यानं लगेच मान हलवली. "मग झालं तर. आमच्याकडेही तेच आहे. मी माझं पिस्तूल वाहिलं की वरच्या साहेबानं बोलावलं तरी उचलत नाही. बाईला एवढं विचारणंसुद्धा पाप आहे." मी म्हटलं, "दुपारी उचलली होती." म्हटलं मी. ओठ हलले, श्वास गेला, शब्दही गेले असावेत. पण त्याच वेळी अनंतरावांनी काठीचा ठोका दिला आणि म्हणाले, "वहिनी, जरा चहाचं बघा हो." आणि यांनी माझ्याकडे पाहिलं. यांना ऐकू गेलं होतं. फौजदार कागद घडी घालून उठत होता.

मग चहा झाला आणि चहाबरोबर तेच बोलणं झालं, फक्त उलटं. फौजदार म्हणाला, वलवणला झडती घेतली, रखमाजीच्या भावाच्या, सोपानच्या खोपीत लोखंडी नळी सापडली, हातबनावटीची. सरुबाईच्या बोलण्यातून मला माहीत आहे ती नळी. धरणाच्या कामावरून उरलेला पाइपाचा तुकडा, एका टोकाला बंद. त्यात पोटॅश भरून वरून खिळा आपटायचा, मोठा बार होतो, डुकरं थोडा वेळ पळतात. तिच्यातून गोळी सुटणार नाही, खडासुद्धा सुटणार नाही. पोळ्याला पोरं तसाच बार काढतात. पण कागदावर ती बंदूक झाली, विनापरवाना. आमच्या घरची बंदूक कागदावर पूजेत होती, म्हणजे ती बंदूक नव्हतीच त्या दिवशी, देव होती. अनंतराव हळहळले. "माधवराव, मी काय म्हणत होतो? या लोकांना परवाने द्या म्हणतात आपली खादीवाली मंडळी! एक साधी नळी हातात आली तर सख्खा भाऊ मारला. अहो, तो रखमाजी स्वतः इथे बसून म्हणाला होता, चुलत्याला मारायला कुऱ्हाड आहे की! रक्तच तसलं." फौजदारानं विचारलं, "असं म्हणाला होता?" आणि घडी घातलेला कागद पुन्हा उघडला. रखमाजीची थट्टा त्यानं उतरवून घेतली. मी आत दुधाखालचा जाळ ओढला. मेलेल्या माणसानं यांना हसवलं होतं, आणि त्याचंच हसू त्याच्या भावाच्या गळ्यात बांधलं.

तेव्हापासून ओटा भरलेला असतो. गावातले लोक येतात, विषय एकच. परवाने वाढवावेत की बंद करावेत. कोणी म्हणतं, सरकारनं गावोगाव झडत्या घ्याव्यात. कोणी म्हणतं, गोऱ्याला हेच हवंय, आपण एकमेकांना मारावं. अनंतराव दोन्ही म्हणतात, चहाच्या आधी एक आणि नंतर दुसरं. हे फारसं बोलत नाहीत. शेवटी एक वाक्य टाकतात, "प्रश्न हत्याराचा नाही, माणसाच्या लायकीचा आहे," आणि सगळे गंभीर होतात. वलवणला यातलं कोणी गेलं नाही. मी रोज देवापुढे बसते. वटसावित्रीला वडाला सूत गुंडाळते ते कोणासाठी, हरतालिकेला पाणीसुद्धा न पिता राहते ते कोणासाठी. यांना आयुष्य मागते. मागितलेलं मिळतं आहे, हे ठणठणीत आहेत, सकाळी दोन भाकऱ्या जास्त खातात. मग ज्यांच्यासाठी सरुबाईनं वडाला सूत गुंडाळलं होतं त्यांचं काय झालं, तिचं सूत कच्चं होतं का, हे मी कोणाला विचारू?

तेरावा झाल्यावर सरुबाई आली. मागच्या दारी, दुधाशिवाय. कपाळ पुसलेलं. मी पाट दिला तर पाट सरकवून जमिनीवर बसली. मग म्हणाली, "वैनीबाई, त्या दिशी तुमी घरातच व्हता न्हवं?"

"होते."

"मोटार मी बघितली. मी खालच्या बांधाला व्हते. माणसं न्हाई वळखली, पर मोटार बघितली. ठान्यात सांगितलं तर मला म्हनत्यात, तुजा दीर वाचवाया बोलतीस. नवरा गेला माजा, आन् मी दीर वाचवाया खोटं बोलीन व्हय? सोपान त्यांना पाठीवर घिऊन पळत व्हता. त्याच्या सदऱ्याला रगत लागलं तर म्हनत्यात, हे बगा, रगत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या घरातनं बंदूक हाललीच न्हाई म्हनं. तुमीच सांगितलं म्हनं."

"मी सकाळची सांगितली," मी म्हटलं. "दुपारची त्यांनी ऐकली नाही."

"व्हय. आमचं बी न्हाई ऐकलं." तिनं हे इतकं सरळ म्हटलं की मला तिच्याकडे बघवेना. मी म्हटलं, "सोपानला उभं करतील त्या दिवशी मी वडगावला येईन. सांगेन तिथे."

ती हसली. तेरा दिवसांपूर्वी नवरा गेलेली बाई हसली. "येतो म्हनून समदेच म्हनत्यात, वैनीबाई. तुमचं देवाचं समदं सोडून तुमी कुटं येताय? आन् आलात तरी तितं पुसत्यात, कुनी उचलली? तितं 'आमच्या ह्यांनी' म्हनून चालत न्हाई. नाव घ्यावं लागतंय, खणखणीत. मालकाचं नाव घ्याल का तुमी?" मी जेवत नव्हते, मौनाची वेळ नव्हती, तरी बोलले नाही. ती उठली. दारातून म्हणाली, "न्हाई आलात तरी मी काय शिव्या देनार न्हाई. दूध उद्यापासून रतनबाईकडनं घ्या, म्हस इकली मी."

नाव. मला आठवेना मी ते कधी नुसतं घेतलं आहे का. लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, पण ते उखाण्यात, यमक जुळवून, बायका हसत असताना आणि मी मान खाली घालून. तेव्हा ते नाव नसतंच, गोड शब्दांच्या शिऱ्यात एक बेदाणा असतो. नुसतं, कोरडं, कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर म्हणून घेतलेलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. म्हणजे माझे सगळे उपास एका बाजूला आणि तीन-चार अक्षरं दुसऱ्या बाजूला. रोज देवापुढे बसून मी हेच तोलत राहिले. सनद जाईल, कदाचित तुरुंग होईल, हे मला घरातून काढतील किंवा काढणार नाहीत आणि ते जास्त वाईट असेल, जेवताना समोरासमोर बसणं. हे वाईट माणूस आहेत असं मला अजूनही म्हणता येत नाही. मला ताप आला तर उशाशी बसतात. पडलेला माणूस बघून मोटारीत बसले, हेही तेच. दोन्ही एकाच देहात आहेत आणि त्या देहासाठी मी आयुष्य मागते.

नव्या कापसाची वात अखेर वळली गेली. पूजा उरकली. आरती दुसऱ्या ओळीपासून म्हटली. पोथीचा आजचा अध्याय वाचला, घोटभर पाणी घेतलं. आमटी उतरवून ठेवली, भाताच्या आधणाखालचा जाळ विझवला. साधं लुगडं नेसले, डोक्यावरून पदर घेतला, कुंकू ठीक केलं. आरशात बघून एकदा ओठ हलवून पाहिले. आवाज काढला नाही.

ओट्यावर खुर्च्या इतक्या जवळ मांडलेल्या असतात की पायरीकडे जायला त्यांच्या मधूनच जावं लागतं. अनंतराव म्हणत होते, "...आणि म्हणून स्वित्झर्लंडमध्ये, माधवराव, घरोघर बंदूक. पण तिथला शेतकरी बघा आणि आपला बघा." मी आले तसे त्यांनी पाय थोडे आत घेतले, बोलणं थांबवलं नाही. यांनी वर पाहिलं.

"देवळात का?"

"वडगावला," मी म्हटलं.

"बरं. लवकर ये, अनंतराव आज जेवायला आहेत." आणि हे पुन्हा स्वित्झर्लंडकडे वळले. मी पायऱ्या उतरले. फाटकापाशी पोचले तेव्हा मागचं बोलणं एकदम थांबलं. यांच्या खुर्चीचा वेत करकरला. मी फाटक लावून घेतलं आणि मागे न बघता स्टेशनच्या रस्त्याला लागले. पुण्याकडच्या गाडीला अजून अवकाश होता. ऊन पाठीवर होतं. रस्त्यात कोणी नाही असं बघून मी म्हटलं, "माधव." पुढचं आलं नाही. घसा खाकरला, पदर नीट केला, आणि मोठ्यानं, उखाणा नाही, यमक नाही, बापाच्या नावासकट, आडनावासकट, पुन्हा सुरुवातीपासून म्हणत चालू लागले.